आवडत्या अद्भुतकथामालेवरचा चित्रपट: पाहण्यापूर्वी आणि पाहिल्यानंतर

चित्रपटाची पहिली झलक पाहण्याच्याही आधी एक कागद घ्यावा आणि ही कादंबरीमाला आपल्याला का आवडते, हे आपल्याच शब्दांत लिहून काढावे. काम साधे वाटते म्हणून बहुतेक जण ते टाळतात, आणि मग चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘पुस्तकासारखं नाही’ एवढे एकच वाक्य हाती उरते. त्या वाक्यातून सोबत आलेल्या मित्राला काही कळत नाही आणि आपल्यालाही काही कळत नाही. नागपुरात, धरमपेठेत, आम्ही काही वाचक बऱ्याच वर्षांपासून एकत्र जमतो. त्यात महाविद्यालयातली मुले आहेत, दोन शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. अद्भुतकथांवरचे चित्रपट आम्ही मिळून पाहतो आणि त्यांवर मिळून भांडतो. त्या भांडणांतून जी पद्धत हळूहळू ठरत गेली, ती इथे मांडत आहे. अपेक्षाच ठेवू नका, म्हणजे निराशा होणार नाही, असा सल्ला अनेक जण देतात. तो मला मान्य नाही. ज्या पुस्तकांसोबत आपण वाढलो, त्यांच्याकडून अपेक्षा असणारच आणि ती असावी. मात्र ती नेमकी कशाची आहे, हे आपल्याला आधी माहीत असले पाहिजे.

कागदावर काय लिहावे

कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात गाभा लिहावा, म्हणजे जी गोष्ट काढून घेतली तर ती कादंबरी ती राहणारच नाही, ती गोष्ट. इथे कथानकाचा सारांश लिहू नये. ‘जादूच्या शाळेतल्या मुलाची गोष्ट’ हे हॅरी पॉटरचे वर्णन झाले, गाभा नव्हे. ‘ज्याला घरच नव्हते अशा मुलाला माणसे मिळतात आणि ती माणसे गमावण्याची तयारी त्याला करावी लागते’ असे काही लिहिले, तर आपण गाभ्याच्या जवळ पोहोचतो. टॉल्किनच्या अंगठीच्या कथेबद्दल, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल, आमच्यातल्या एका शिक्षिकेने लिहिले होते की, सर्वांत लहान माणसाच्या खांद्यावर सर्वांत मोठे ओझे येते आणि ते उतरवल्यावरही तो पूर्वीसारखा होत नाही. प्रत्येकाचा गाभा वेगळा निघेल, आणि तो वेगळा निघणेच उपयोगाचे आहे.

दुसऱ्या भागात सांधे लिहावेत. मालिका अनेक खंडांची असते, त्यामुळे पहिल्या खंडातली एखादी लहानशी गोष्ट चौथ्या किंवा पाचव्या खंडाचा भार पेलत असते. ती बदलली की लगेच काही कोसळत नाही. दोन चित्रपटांनंतर कोसळते. ‘पर्सी जॅक्सन’ या कादंबरीमालेचे उदाहरण इथे फार बोलके आहे. २००५ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात पर्सी बारा वर्षांचा आहे, आणि संपूर्ण मालिकेवर ज्या भविष्यवाणीची छाया आहे, ती त्याच्या सोळाव्या वर्षाशी बांधलेली आहे. पाचही पुस्तकांत वाचक त्या वयाकडे एकेक वर्षाने सरकत जातो. २०१० च्या चित्रपटात पर्सी सुरुवातीलाच किशोरवयाच्या मध्यावर पोहोचलेला दाखवला, त्यामुळे त्या प्रतीक्षेला जागाच उरली नाही. वाचकांनी वयाबद्दल केलेली तक्रार कोणाला किरकोळ हट्ट वाटली असेल, पण ती सांध्याबद्दलची तक्रार होती आणि ती योग्य होती. २०१३ मध्ये दुसरा चित्रपट आला आणि ती चित्रपटमाला तिथेच थांबली.

तिसऱ्या भागात जिव्हाळ्याच्या गोष्टी याव्यात. त्या गेल्या तरी कथा चालते, पण आपल्याला त्यांची उणीव भासते. हॅरी पॉटरमधला पीव्हज या खोडकर भुताचा प्रसंग पहिल्या चित्रपटासाठी चित्रित झाला होता. रिक मेयल या अभिनेत्याने ती भूमिका केलीही होती, पण अंतिम चित्रपटात तो दिसला नाही. टॉल्किनचे टॉम बॉम्बाडिल हे पात्र दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांत नाही, कारण अंगठीच्या प्रवासाला तो पुढे नेत नाही. या दोघांवर मनापासून प्रेम करणारे वाचक आमच्या गटातही आहेत, आणि त्यांची हळहळ खरी आहे. पण या हळहळीला सांधा तुटल्याच्या तक्रारीइतके वजन देऊ नये, कारण तसे केले की खऱ्या तक्रारीचे वजन घटते.

कधी एकच गोष्ट दोन भागांत विभागून लिहावी लागते. हॅरीच्या डोळ्यांचा रंग पुस्तकात हिरवा आहे आणि चित्रपटात निळा दिसतो. रंग हा जिव्हाळ्याचा भाग. पण ‘तुझे डोळे अगदी आईसारखे आहेत’ हे वाक्य मालिकेत पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी त्याच वाक्यावर एका मोठ्या पात्राचे सगळे आयुष्य उलगडते, म्हणून आईच्या आणि मुलाच्या डोळ्यांतले साम्य हा सांधा आहे. शेवटच्या चित्रपटात आईचे बालपण दाखवताना त्या मुलीचे डोळे तपकिरी आहेत. निळे डोळे चालले असते. दोघांचे वेगवेगळे चालत नाहीत.

हे लेखन झलक येण्याआधी करायचे, कारण एकदा नटाचा चेहरा पाहिला की वाचताना मनात उभा राहिलेला चेहरा मागे सरतो आणि पुष्कळदा परत येत नाही. आपण कोणाला पाहत होतो, तो कसा बोलत होता, त्या किल्ल्याचे दार कोणत्या बाजूला होते, हे सगळे तोपर्यंत केवळ आपले असते. त्यातले थोडे शब्दांत बांधून ठेवले, तर पुढे तुलना करायला काहीतरी शिल्लक राहते.

पाने आणि मिनिटे यांचा हिशेब

चित्रपट-व्यवसायात साधारणपणे पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट असे धरतात, आणि पटकथेच्या पानावर मोकळी जागाच अधिक असते. अडीच तासांच्या चित्रपटाला सुमारे दीडशे अशी पाने मिळतात. सातशे पानांची कादंबरी त्यात बसवायची, तर काय जाईल हा प्रश्न उरतच नाही. काय राहील हाच प्रश्न उरतो. हॅरी पॉटर मालेतले पाचवे पुस्तक सर्वांत जाड आहे, आणि त्यावरचा २००७ चा चित्रपट १३८ मिनिटांचा, म्हणजे पहिल्या लहानशा पुस्तकावर काढलेल्या १५२ मिनिटांच्या चित्रपटापेक्षाही छोटा आहे. स्टीफन किंग यांच्या ‘द डार्क टॉवर’ या मालिकेत सात मुख्य कादंबऱ्या आणि २०१२ मध्ये आलेली आणखी एक आहे. २०१७ मधला चित्रपट ९५ मिनिटांत आटोपतो. उलट ‘द हॉबिट’ हे १९३७ चे, मुलांसाठी लिहिलेले एकच पुस्तक २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपटांत ताणले गेले आणि त्यांची एकूण लांबी आठ तासांच्या घरात गेली. त्याच दिग्दर्शकाने, म्हणजे जॅक्सन यांनी, त्याआधी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग नऊ तासांहून थोड्या अधिक वेळात मांडले होते.

म्हणून तिकीट काढण्याआधी प्रत्येकाने हा हिशेब घरी करून पाहावा: किती पुस्तके, किती चित्रपट, किती मिनिटे. कापाकापी किती होणार याचा अंदाज त्यातून येतो आणि जिव्हाळ्याच्या यादीतल्या कोणत्या गोष्टी जाणार, हेही बरेचसे कळते. ताणलेल्या चित्रपटाची निराशा कापलेल्या चित्रपटाच्या निराशेपेक्षा वेगळी असते, हेही याच हिशेबातून लक्षात येते. कापलेल्या चित्रपटात आपण हरवलेल्या गोष्टी शोधत असतो, तर ताणलेल्या चित्रपटात जे होते तेच पातळ झालेले दिसते. मला स्वतःला दुसरी निराशा अधिक सलते, कारण तिथे वेळ नव्हता असे म्हणण्याची सोय नसते.

बातम्या कशा वाचाव्यात

‘हक्क विकत घेतले’, ‘पटकथा लिहिली जात आहे’, ‘पात्रनिवड झाली’ आणि ‘चित्रीकरण सुरू झाले’ या चार फार वेगवेगळ्या बातम्या आहेत. पहिल्या बातमीपासून चौथीपर्यंत कित्येक वर्षे जाऊ शकतात आणि पुष्कळ प्रकल्प वाटेतच थांबतात. मनाची गुंतवणूक चौथ्या बातमीपर्यंत राखून ठेवावी, असे मी गटातल्या मुलांना सांगते. ती ऐकत नाहीत आणि त्यांच्या वयात मीही ऐकले नसते.

‘लेखकाचा सहभाग आहे’ या वाक्याकडे मात्र बारकाईने पाहावे. मिखाएल एंडे यांच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ या कादंबरीवर १९८४ मध्ये चित्रपट आला, तेव्हा ते इतके नाराज झाले की त्यांनी आपले नाव त्याच्याशी जोडू नये असा आग्रह धरला. चित्रपटात कादंबरीचा जेमतेम पूर्वार्ध आला होता. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या कादंबरीमालेतला नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, आणि त्या जगातली बहुतेक माणसे गोरी नाहीत. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गोऱ्या नटाला ती भूमिका दिली गेली, तेव्हा ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. दोन्ही ठिकाणी लेखक हयात होते, बोलत होते, तरी अंतिम निर्णय त्यांच्या हाती नव्हता. याउलट पर्सी जॅक्सनवर डिसेंबर २०२३ पासून आलेल्या मालिकेत लेखक रिक रायर्डन स्वतः निर्मात्यांपैकी एक आहेत, आणि तिथे पर्सी पुन्हा बारा वर्षांचा झाला. तेव्हा सहभाग म्हणजे सल्ला की अधिकार, हे बातमीत शोधावे.

झलक पाहून निकाल देऊ नये, एवढेच तिच्याविषयी पुरे आहे. दोन मिनिटांची झलक तिकीट विकण्यासाठी केलेली असते आणि तिच्यातले संगीत किंवा काही दृश्ये चित्रपटात नसूही शकतात.

पुन्हा वाचन

मालिका पुन्हा वाचायची असेल, तर आपल्याकडे मे महिन्यासारखा काळ नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडणे शक्य नसते, आणि कूलरसमोर जाडजूड खंड निवांत वाचून होतात. वाचन चित्रपटाच्या निदान महिनाभर आधी संपवावे, असे माझे ठाम मत आहे. आदल्या रात्री शेवटचे प्रकरण वाचून जाणारा वाचक चित्रपट पाहत नाही. तो ओळी तपासत बसतो. महिन्याभरात संवादांचे तपशील थोडे विसरतात आणि कथेचा एकूण परिणाम मनात राहतो, आणि चित्रपटाची तुलना त्या परिणामाशी होणे न्याय्य आहे.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासूनची मालिका उपलब्ध आहे. गटात कोणी मराठीतून आणि कोणी इंग्रजीतून वाचले असेल, तर मुख्य पात्रांची व ठिकाणांची नावे आधी एकदा जुळवून घ्यावीत, नाहीतर चर्चेचा अर्धा वेळ त्यातच जातो.

निष्ठा म्हणजे काय, याचा आपल्याजवळचा दाखला

मूळ कथेशी निष्ठा म्हणजे प्रसंगाला प्रसंग जुळवणे, असे मानणाऱ्यांनी ‘गीतरामायण’ आठवावे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक याप्रमाणे, पुणे आकाशवाणीवरून ही गीते प्रसारित झाली. वाल्मीकींच्या हजारो श्लोकांतून ग. दि. माडगूळकरांनी ५६ गीते उभी केली आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. किती उपकथा गेल्या असतील, किती संवाद गेले असतील! तरी ते रामायण नाही, असे कोणी म्हटले नाही. माडगूळकरांनी केले काय, तर कथा सांगणाराच बदलत नेला. एका गीतात दशरथ बोलतो, एकात कौसल्या, एकात शूर्पणखा, एकात सेतू बांधणारे वानर. श्लोकांची मोठी वर्णने गाण्यात मावणार नाहीत हे त्यांनी मान्य केले आणि त्याच्या बदल्यात गाण्याला जे जमते, म्हणजे एका माणसाच्या मनात थेट शिरणे, ते कथेला मिळवून दिले.

कोणत्याही रूपांतराकडे पाहताना हाच प्रश्न विचारावा: काय सोडले याच्या बरोबरीने, नव्या माध्यमाने काय मिळवून दिले? जॅक्सन यांच्या पहिल्या चित्रपटाच्या आरंभी अंगठीचा सगळा पूर्वेतिहास काही मिनिटांत, एका स्त्रीच्या आवाजात सांगितला जातो. पुस्तकात तोच इतिहास प्रकरणाप्रकरणांतून, संवादांतून, सावकाश कळतो. वाचनात ते सावकाश उलगडणे सुंदर आहे, पण पडद्यावर तेवढा वेळ कोणी दिला नसता, आणि त्या आवाजाने कथेला जे गांभीर्य दिले ते पानांवर शक्य नव्हते. हा व्यवहार आमच्या गटाने एकमताने मान्य केला, आणि आमच्याकडे एकमत क्वचितच होते.

रूपांतर आणि नवी कथा यांतला फरकही ध्यानात ठेवावा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा शाळकरी मुलगा २०१७ च्या मराठी चित्रपटात तरुण होऊन आला. त्या चित्रपटाने कोणत्याही एका पुस्तकाची कथा सांगण्याचा दावा केला नव्हता. पात्र घेतले आणि नवे प्रकरण रचले. लहानपणी सुमीत राघवन यांची दूरदर्शनवरची मालिका पाहिलेल्या आमच्या पिढीला ते जड गेले. पण अशा ठिकाणी प्रसंग जुळवणे निरर्थक असते. बनेशची, म्हणजे फेणेची, चपळाई, त्याचे कुतूहल, अन्याय दिसला की गप्प न बसण्याचा त्याचा स्वभाव उतरला का, एवढेच पाहावे.

चित्रपटगृहात

इंग्रजी चित्रपट आपल्याकडे हिंदीत डब होऊनही लागतो आणि इंग्रजीचे खेळ अनेकदा मोजकेच असतात, म्हणून ज्या भाषेत पाहायचा ती वेळ आधीच पाहून ठेवावी. गटात लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील, तर हिंदी खेळाला जाण्यात कमीपणा मानू नये. सगळ्यांना एकाच वेळी कथा समजणे महत्त्वाचे आहे. असे मोठे चित्रपट पुष्कळदा डिसेंबरात येतात आणि त्याच सुमारास नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. मोर्चांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात, तेव्हा पोहोचायला मेट्रो बरी. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर मात्र ती मिळत नाही, हे लक्षात घेऊन वेळ निवडावी. आरंभ चुकवू नये. अद्भुतकथेत जगाचे नियम पहिल्या दहा मिनिटांतच सांगितले जातात.

पहिल्या वेळी पाहताना शेजारच्याच्या कानात ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणू नये, हा आमचा एकमेव कडक नियम आहे. ज्याने पुस्तक वाचलेले नाही, त्याचा तो पहिला अनुभव आहे आणि तो आपण हिरावून घेतो. शक्य असेल त्याने चित्रपट पुन्हा एकदा पाहावा. पहिल्या वेळी आपण आपल्या मनातल्या चित्रपटाशी झगडत असतो, दुसऱ्या वेळी समोरचा चित्रपट दिसू लागतो.

चर्चा कशी चालवावी

त्याच रात्री निकाल देऊ नये. आम्ही पुढच्या रविवारी सकाळी जमतो, तर्री पोहे खाऊन झाल्यावर बोलायला बसतो, आणि पहिला मान पुस्तक न वाचलेल्यांना देतो. या क्रमाचा फायदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. हॅरी पॉटरचा २००४ मधला तिसरा चित्रपट आम्ही एकत्र बसून पुन्हा पाहिला, तेव्हा पुस्तके न वाचलेल्या एका मुलाने विचारले, ‘‘काका, तो कोरा कागद म्हणजे नकाशा आहे, हे त्या मास्तरले कसं काय माहीत?’’ चित्रपट याचे उत्तर देत नाही. नकाशा त्या मास्तरांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनीच शाळेत असताना बनवला होता, त्या मित्रांत हॅरीचे वडीलही होते, ही गोष्ट पुस्तकात आहे आणि चित्रपटात सांगायची राहिली. आम्ही वाचकांनी ती जागा मनातल्या मनात भरून घेतली होती, त्यामुळे फट आमच्या लक्षात आली नव्हती. न वाचलेल्याला जिथे अडखळायला होते, तिथे सांधा तुटलेला असतो. आणि वाचकांना जिथे दुखते पण न वाचलेल्याला काहीच जाणवत नाही, तिथे बहुधा जिव्हाळ्याची गोष्ट गेलेली असते. हा चित्रपट मला व्यक्तिशः आठांमधला सर्वांत सुंदर वाटतो. त्यातले वातावरण, ऋतूंचे बदलणे आणि मुलांचे मोठे होणे यांत गाभा पूर्णपणे आहे. सांधा तुटूनही गाभा टिकू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

त्यानंतर वाचकांनी बोलावे. पण कोणत्याही बदलावर टीका करण्याआधी तो बदल का केला असेल, याचे सर्वांत चांगले कारण टीकाकारानेच मांडावे. अंगठीच्या कथेतल्या फॅरामीर या सरदारावरून आमच्याकडे झालेले भांडण यामुळेच उपयोगी ठरले. पुस्तकातला फॅरामीर अंगठी समोर असूनही तिचा मोह टाळतो. २००२ च्या चित्रपटात तो अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला धरून नेतो आणि बऱ्याच उशिरा सोडतो. बँकेतल्या काकांना हा त्या पात्राचा अपमान वाटला. नियमानुसार आधी त्यांनी दुसरी बाजू मांडली: सगळ्या जगाला भ्रष्ट करणारी अंगठी एका माणसाने सहज नाकारली, तर प्रेक्षकाला तिची भीती उरणार नाही, शिवाय पुस्तकातला महाकाय अष्टपाद कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात हलवल्यामुळे दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस फ्रोडोसमोर दुसरे संकट हवे होते. हे सगळे सांगून ते म्हणाले, ‘‘कारण मला समजलं. पण जगात एक तरी माणूस मोहाच्या पलीकडे आहे, हे वाचून मला वयाच्या चाळिशीत धीर आला होता. तो धीर त्यांनी काढून घेतला.’’ त्या खोलीत याहून नेमकी टीका कोणी केली नव्हती. त्यांच्याशी असहमत असणाऱ्यांनाही ती पटली, कारण ती गाभ्याबद्दल होती.

निराशा खरी आहे का, हे कसे ओळखावे

चित्रपटकर्त्यांचा नेहमीचा बचाव वेळेचा असतो, आणि वरचा हिशेब केलेल्या वाचकाने तो बहुतेक वेळा मान्यही करावा. पण तो तपासण्याची एक सोपी कसोटी आहे: कापलेल्या जागेवर काय आले? २००९ च्या सहाव्या हॅरी पॉटर चित्रपटात खलनायकाच्या भूतकाळातल्या अनेक आठवणींपैकी दोनच राहिल्या. पुस्तकाचा कणाच त्या आठवणींचा आहे. हा माणूस असा का झाला, याचे उत्तर त्यांत आहे. त्याच चित्रपटात हॅरीच्या मित्राच्या, म्हणजे वीझली कुटुंबाच्या, घरावर हल्ला होऊन ते पेटते, असा पुस्तकात नसलेला प्रसंग घातला गेला. नव्या प्रसंगाला वेळ मिळतो आणि कण्याला मिळत नाही, तेव्हा ती निवड असते, आणि निवडीबद्दल जाब विचारायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. इथली निराशा मी अजूनही सोडलेली नाही आणि सोडावी असे मला वाटतही नाही.

शेवटाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. ‘द गोल्डन कंपास’ हा २००७ चा चित्रपट फिलिप पुलमन यांच्या पुस्तकाच्या अखेरच्या, सर्वांत कठोर प्रकरणांच्या आधीच थांबतो. ती प्रकरणे पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवली आणि पुढचा चित्रपट कधी आलाच नाही. ‘एरागॉन’च्या चार पुस्तकांवर २००६ चा एकच चित्रपट निघाला. नार्नियाच्या सात पुस्तकांपैकी २००५ ते २०१० या काळात तिघांवर चित्रपट आले आणि ती मालिका थांबली. मालिकेचा पहिला चित्रपट पाहताना तो एकटाच उरला तर पुरेसा आहे का, हे विचारावे. पुढे सांगू या भरवशावर आज अपुरे ठेवणे हा दोष मानावा. मात्र थांबलेली मालिका कायमची संपली, असेही समजू नये. पुलमन यांच्या तीन पुस्तकांवर २०१९ ते २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवर तीन पर्वे आली आणि ती राखून ठेवलेली प्रकरणे शेवटी पडद्यावर पोहोचली.

पुस्तकेच अपुरी असतील, तर परिस्थिती आणखी अवघड होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची मालिका २०१९ मध्ये संपली तेव्हा मूळ मालेतले पाचवे पुस्तक येऊन जवळपास आठ वर्षे झाली होती आणि सहावे आले नव्हते. अशा वेळी पडद्यावरचा शेवट लेखकाचा शेवट मानू नये आणि त्यावरून पुस्तकांवर राग काढू नये.

राग नटांवर काढू नये, विशेषतः बालकलाकारांवर तर मुळीच नाही. पात्राचे वय, वर्ण किंवा संवाद त्यांनी ठरवलेले नसतात. ले ग्विन यांनीही आपला रोष पात्रनिवड करणाऱ्यांकडे वळवला होता, नटांकडे नव्हे. लिहायचेच असेल, तर कोणता प्रसंग, पुस्तकात तो कशासाठी होता आणि बदलामुळे पुढचे काय बिघडले, हे तीन मुद्दे असलेले छोटे टिपण लिहावे. असे टिपण दहा वर्षांनंतरही वाचण्याजोगे राहते.

चित्रपटाकडून पुस्तकाकडे येणाऱ्या मुलांसाठी

आधी पुस्तक की आधी चित्रपट, यावर पालक आम्हाला नेहमी विचारतात. पहिला खंड तरी आधी वाचलेला असावा असे मला वाटते, कारण स्वतःच्या मनात जग उभे करण्याची ती संधी एकदाच मिळते. पण मुलाचे सगळे मित्र चित्रपटाला निघाले असताना त्याला घरी बसवून पुस्तक हाती देऊ नये. त्याला त्या पुस्तकाचाच राग येईल. चित्रपट पाहून आलेल्या मुलाला पुस्तक देताना चित्रपट जिथे संपला तिथपासूनचा खंड देऊ नये, पहिल्यापासून द्यावा, कारण पुढच्या खंडांना लागणारे सांधे चित्रपटात गळलेले असू शकतात. टॉल्किनसाठी ‘हॉबिट’पासून सुरुवात करावी, ते मुलांसाठीच लिहिलेले आहे आणि पुढच्या तीन खंडांची भूमी त्यातूनच ओळखीची होते. नार्नियाची पुस्तके दोन क्रमांनी छापली जातात. प्रकाशनाचा क्रम धरावा आणि १९५० चे, कपाटातून पलीकडे जाण्याचे पुस्तक आधी द्यावे. त्याचे पहिले प्रकरण मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचताना कोणत्याही नटाचे नाव घेऊ नये.